तांबडा रंग कोठे जातो?

वाचकहो, रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात आपण कधी आला असाल, तर एक दृश्य आपल्या नजरेस अवश्य पडले असेल. दुकानातील गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असतो. एखाद्या गृहिणीने त्यांतून एक साडी निवडलेली असते, भावही जवळजवळ ठरलेला असतो, आणि तरीही ती बाई साडीचा पदर हातावर घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात येते. दुकानदारही त्यास हरकत घेत नाही. दिव्याखाली दिसणारा रंग हा शेवटचा शब्द नव्हे, हे त्या दोघांसही पक्के ठाऊक असते.

माझा छायाचित्रणाचा लहानसा व्यवसाय याच बाजाराच्या आधाराने चालत आला आहे. माझ्या वडिलांनी नागपूरहून येऊन येथे स्टुडिओ थाटला. त्यांच्या काळी लग्ने आणि कौटुंबिक चित्रे हीच मुख्य मिळकत होती. माझ्या काळी कापड-व्यापाऱ्यांच्या साड्यांची चित्रे घेण्याचे काम वाढले. चित्रात साडी डाळिंबी दिसावी आणि प्रत्यक्षात ती विटकरी निघावी, म्हणजे माल परत आलाच म्हणून समजावे. तेव्हा रंगाची पारख ही माझी हौस नव्हे, ती माझी भाकरी आहे. त्यातही तांबड्याशी माझे नाते बालपणापासूनचे. वडिलांच्या अंधारखोलीत एक तांबडा दिवा जळत असे. ब्रोमाइड कागदावर इतर प्रकाशाचा परिणाम होतो, तांबड्याचा होत नाही. म्हणून सारे रंग घालवून तेथे तेवढा एक ठेवलेला. सारे गेले तरी तांबडा उरतो, अशी माझी त्या वयात समजूत झाली होती.

ती समजूत चुकीची ठरली, आणि ती चुकीची ठरण्यास मला वयाची चोपन्न वर्षे पुरी करून समुद्राच्या पोटात जावे लागले. त्या प्रवासाची हकिकत मी आज आपणांस सांगणार आहे. तीत माझा एक मोठा प्रमादही आहे. तो मी झाकून ठेवणार नाही.

आमच्या रायपुरास समुद्र नाही. तेलीबांधा तलावाच्या काठास लोक हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात, आणि संध्याकाळी तेथे वारा खात बसले की तेवढ्यापुरते समाधानही होते. जवळचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणमचा; तोही रात्रभराच्या प्रवासाइतका दूर. परंतु आमच्या थोरल्या मुलीचे सासर मालवणास झाले, आणि सह्याद्रीपलीकडचा समुद्र एकाएकी आमच्या नात्यात आला. रायपूरहून मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ, आणि पुढे मोटारीने मालवण, असा हा लांबचा प्रवास आम्ही उभयता वर्षातून एकदा तरी करू लागलो.

आमचे व्याही जन्माचे रापणकर. किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढून जाळे खेचण्याची ही सामुदायिक पद्धत. तीत त्यांची उभी हयात गेलेली. माणूस अत्यंत प्रेमळ, पण कॅमेऱ्याविषयी त्यांच्या मनात अढी होती. पहिल्याच भेटीत, पाण्याखाली जाऊन चित्रे काढण्याचा माझा विचार मी बोलून दाखविला तेव्हा ते म्हणाले, “फोटो काढूक खूप जण येतत, व्याह्यांनू. उद्या हेच फोटो दाखवून आमका सांगतले, हयसर जाळां टाकू नकात.”

या बोलण्यास आधार नव्हता असे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. तेथील प्रवाळ व जलचर राखावेत हा हेतू स्तुत्यच. परंतु ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांस आपली वहिवाट जाईल असे भय वाटले आणि गावातून विरोध झाला. मी पाहुणा. मी वाद घातला नाही; पण ते शब्द मनात राहिले.

पहिल्या वेळी मी कॅमेरा न घेताच पाण्यात उतरलो. मालवण व तारकर्लीच्या किनाऱ्यावर हौशी पाहुण्यांस वाटाड्याच्या सोबतीने पाच-सहा मीटरांपर्यंत नेण्याची सोय असते. पाठीवर दाबलेल्या हवेची नळकांडी, तोंडात श्वासाची नळी, नाकडोळ्यांवर काचेचा मुखवटा, आणि मागून आपणांस धरून ठेवणारा एक तरुण. खाली जाताना कानांवर दाब येतो; नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की तो उतरतो. पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळे खुणा आधीच ठरविलेल्या असतात. त्या मला किनाऱ्यावर नीट सांगितल्या होत्या, पण समोर पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा येताच मी त्या सर्व विसरलो. वाटाड्याने ‘ठीक आहे ना?’ अशी खूण केली, आणि मी मोठ्या आनंदाने अंगठा वर केला. त्याने मला तत्काळ वर आणले! काही बिघडले नसल्याचे पाहून तो पुन्हा मला खाली घेऊन गेला; मी पुन्हा अंगठा दाखविला; पुन्हा आमची स्वारी वर. होडीत बसल्यावर तो हसत म्हणाला, “काका, अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. छान वाटत असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवायची.” जमिनीवरच्या सवयी पाण्यात चालत नाहीत, हा पहिला धडा मला इतक्या विनोदी रीतीने मिळाला. दुसरा मात्र तसा मिळणार नव्हता.

घरी परतल्यावर मी पत्नीपाशी विषय काढला. रीतसर शिक्षण घेऊन पाण्याखाली छायाचित्रे घ्यावीत, असे माझ्या मनाने घेतले होते. “पोहणाराच बुडतो,” ती एवढेच म्हणाली. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दोन अटी घातल्या. एक, डॉक्टरांनी कान, छाती व हृदय तपासून लेखी दिले तरच जावयाचे. दुसरी, पाण्यात जे घडेल ते त्याच संध्याकाळी तिला खरे सांगावयाचे. पहिली अट मला योग्य वाटली. दुसरी मला अगदी सोपी वाटली.

पुढील हिवाळ्यात आम्ही पुन्हा मालवणास गेलो. पावसाळ्यात तेथील समुद्र खवळलेला व गढूळ असतो. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पाण्यात उतरण्याजोगे दिवस मिळतात. एका अनुभवी शिक्षकाकडे मी प्राथमिक शिक्षण घेतले. ते तीन-चार दिवसांचे असते, आणि ते पुरे करणाऱ्यास सोबत्यासह अठरा मीटरांपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. वयाने माझ्या मुलासारखे असलेले ते शिक्षक पहिल्याच दिवशी फळ्यावर एक ओळ लिहून बसले: ‘श्वास कधीही रोखू नये.’

त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पृष्ठभागावर आपणांवर वातावरणाचा जितका दाब असतो, तितकाच अधिक दाब पाण्याच्या दर दहा मीटरांस वाढत जातो. दहा मीटरांवर तो दुप्पट होतो. तेथे आपण नळीतून जी हवा घेतो तीही तितक्याच दाबाची असते. त्या खोलीवर छाती भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून कोणी वर आला, तर दाब निम्मा होताच ती हवा दुप्पट जागा मागू लागते, आणि फुप्फुस तर दुप्पट होऊ शकत नाही. विशेष म्हणजे हा फरक पृष्ठभागाजवळच अधिक झपाट्याने पडतो. म्हणून उथळ पाणी निर्धोक, ही समजूत खोटी आहे. श्वास चालू ठेवावा, मिनिटास नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये, आणि पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, म्हणजे खोलीवर रक्तात विरघळलेला नायट्रोजनही सावकाश बाहेर पडतो. हे सारे मी वहीत टिपून घेतले. परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले.

कॅमेरा मात्र मला लगेच मिळाला नाही. हातपाय न हालवता पाण्यात एक मिनिट आडवे, स्थिर तरंगता आले पाहिजे, असा शिक्षकांचा दंडक होता. श्वास घेतला की शरीर किंचित वर जाते, सोडला की खाली येते. त्या चढउतारावरच तोल सांभाळावयाचा. ज्यास हे साधत नाही तो हाताने प्रवाळाचा आधार घेतो किंवा पायांतील पंखांनी त्यास लाथाडतो. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण असंख्य सूक्ष्म जिवांनी बांधलेली ती वसाहत असते. त्याचे गोलाकार प्रकार वर्षास जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे मूठभर तुकडा मोडला तर काही वर्षांची बांधणी गेली. मला हा तोल साधण्यास दोन दिवस लागले.

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा इतिहास शिक्षकांनी मला होडीत बसून सांगितला, आणि त्यातील काही भाग मी पुढे पुस्तकांतून वाचला. फ्रान्सच्या लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली बान्यूल्स येथील समुद्रात चित्रे घेतली, तेव्हा त्याचा कॅमेरा एका अवजड पेटीत बंद केलेला होता. पाण्याखालचे पहिले रंगीत चित्र निघाले ते १९२६ साली, फ्लोरिडाच्या दक्षिणेस. विल्यम लाँगली व चार्ल्स मार्टिन या जोडीने पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटविली आणि त्या लखलखाटात एक मासा टिपला. ते चित्र ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात १९२७ साली छापले गेले. १९४३ साली जाक कूस्तो व एमिल गान्याँ यांनी स्वतंत्रपणे श्वास घेता येईल असे साधन सिद्ध केले, आणि माणूस वरच्या नळीच्या बंधनातून सुटला. आज खिशात मावेल असा कॅमेरा पारदर्शक कवचात घालून कोणीही खाली नेऊ शकतो. बूताँच्या पेटीशी तुलना केली असता आपण किती सुखाने हे काम करतो, याचे नवल वाटते.

त्या कवचाचा सारा भार एका रबरी कड्यावर असतो. झाकण व पेटी यांच्यामध्ये ते बसते आणि पाणी अडविते. वाळूचा एक कण किंवा एक केस जरी त्यावर राहिला, तरी तेथून पाणी आत शिरते व कॅमेरा कायमचा जातो. रोज रात्री ते कडे काढून पुसावे, त्यास वंगणाचा पातळ हात द्यावा आणि उजेडाशी धरून तपासावे लागते. पहिल्या रात्री मी ते तपासून बाजूस ठेवले. पत्नी शेजारी बसली होती. तिने चष्मा लावून ते हाती घेतले, बोटांतून फिरविले, आणि एक पांढरा केस अलगद उचलून माझ्यासमोर धरला. केस माझाच होता. त्या रात्रीपासून कडे साफ करण्याचे काम तिच्याकडे गेले. समुद्रात पाऊल न टाकताही ती या उद्योगात माझी भागीदार झाली.

आता त्या दिवसाकडे येतो.

कॅमेरा हाती आल्यापासूनचा तो तिसरा दिवस. सकाळचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होते; पाचसहा मीटरांपर्यंतचे नीट दिसत होते. आम्ही नऊ मीटर खोलीवर होतो. खडकाच्या एका कपारीत मला मोठ्या डोळ्यांचा एक करड्या-काळसर मासा दिसला. तो हालत नव्हता. मी कॅमेरा पुढे केला. आणि येथे चाळीस वर्षांची सवय आपले काम करून गेली.

वाचकहो, आपण कोणत्याही स्टुडिओत छायाचित्रासाठी बसला असाल, तर ‘हालू नका, श्वास रोखा’ हे शब्द आपण ऐकले असतील. चित्र घेणाराही त्या क्षणी आपला श्वास रोखतो. हात कापू नये म्हणून. वडिलांनी मला प्रथम शिकविली ती हीच गोष्ट. त्या कपारीसमोर मी छाती भरून श्वास घेतला आणि कोंडून धरला.

भरलेल्या छातीने मी हलका झालो आणि मला न कळत वर जाऊ लागलो. माझे डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिळलेले होते. पडद्यावरील मासा लहान होत चालला, तेव्हा मला वाटले की तोच मागे सरत आहे. म्हणून मी कळ दाबून त्यास मोठा करण्याच्या खटपटीत पडलो. वर जाताना अंगावरील जाकिटातील हवाही फुगते आणि माणूस अधिकच वेगाने वर ओढला जातो. मी अजूनही श्वास सोडला नव्हता. चित्र साधेपर्यंत तो सोडावयाचा नसतो, हेच मला ठाऊक होते.

एकाएकी कोणीतरी माझा घोटा घट्ट धरून मला खाली ओढले. शिक्षक होते. त्यांनी आपल्या छातीवर हात आपटला आणि तोंडातून बुडबुड्यांचा मोठा लोट सोडून दाखविला. मी श्वास सोडला. तो सुटताना छातीत जो मोकळेपणा वाटला, त्यानेच मला प्रथम भीती वाटली. मनगटावरील मापक साडेपाच मीटर दाखवीत होता. नऊ मीटरांवर घेतलेला तो श्वास तेथे जवळजवळ सव्वापट जागा मागत होता. आणखी काही क्षण गेले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मीच परीक्षेत बिनचूक मांडला होता.

शिक्षकांनी मला सावकाश, ठरल्याप्रमाणे थांबत वर आणले. होडीत इतर लोक होते. त्यांच्यासमोर ते काही बोलले नाहीत. किनाऱ्यावर आल्यावर मला बसवून त्यांनी माझी विचारपूस केली. छातीत दुखते का, हातापायांस मुंग्या येतात का, हे खोदून विचारले. सुदैवाने मला काही झाले नव्हते. मग त्यांनी कॅमेरा माझ्या हातून घेतला. “काका, उद्या हा माझ्याकडे राहील,” एवढेच ते म्हणाले.

संध्याकाळी पत्नीने विचारले, “कसे झाले आज?” मी म्हणालो, “विशेष काही नाही.” कॅमेरा कोठे आहे, असे तिने विचारले, तेव्हा तो शिक्षकांकडे तपासण्यासाठी दिला असल्याचे मी सांगितले. ते पूर्णपणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच अधिक वाईट होते. जेवणे झाली. तिने सवयीने आपला चष्मा, मऊ फडके आणि वंगणाची डबी समोर घेतली. मग कॅमेराच नाही हे आठवून ती पुन्हा जागच्या जागी ठेवली. ते पाहून मला राहवले नाही. ओटीवर कोणी नाहीसे पाहून मी तिला सारे सांगितले.

ती बराच वेळ गप्प राहिली. मी मनाशी ठरविले होते की ती ‘जाऊ नका’ म्हणाली तर जावयाचे नाही. अखेर ती म्हणाली, “लोकांना जन्मभर ‘श्वास रोखा, श्वास रोखा’ म्हणत आलात, ते आज तुमच्याच अंगावर आले. कान उपटून हे सुटणार नाही. सवय आहे, ती सवयीनेच सुटेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा जुना कॅमेरा पेटीतून काढला, मला अंगणात तुळशीवृंदावनासमोर बसविले आणि चित्रे घेण्यास सांगितले. ती बाजूस बसून माझ्या खांद्यांकडे पाहत होती. खांदे थांबले की ती ‘हं!’ म्हणे. श्वास सावकाश सोडता सोडता कळ दाबावयाची. पुन्हा घ्यावयाचा, पुन्हा सोडावयाचा. पहिल्या अर्ध्या तासात तिला किती वेळा ‘हं’ म्हणावे लागले, ते मोजण्याची मला लाज वाटली. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारातून हा प्रकार पाहून पदराआड हसत होत्या. दोन सकाळी असे चालले. चाळीस वर्षांनी मी पुन्हा उमेदवारी केली, आणि तीही माझ्या धर्मपत्नीच्या हाताखाली.

तिसऱ्या दिवशी शिक्षकांनी कॅमेरा परत दिला. आम्ही त्याच खडकापाशी गेलो. तो मासा, किंवा त्याचाच कोणी भाऊबंद, त्याच कपारीत होता. तसाच करडा, तसाच स्तब्ध. मी हळूहळू जवळ सरकलो. कॅमेऱ्याच्या बाजूस दांडीवर बसविलेला विजेचा दिवा नीट वळविला. हा दिवा भिंगाच्या अगदी लगत ठेवून चालत नाही. तसे केल्यास पाण्यात तरंगणारे बारीक कण उजळून निघतात आणि चित्रभर पांढरे ठिपके उठतात. मी श्वास सोडू लागलो, आणि बुडबुड्यांच्या आवाजातच कळ दाबली.

दिवा क्षणभर लखलखला, आणि कपारीत तांबडा रंग पेटून विझला.

तो मासा तांबडा होता! नुसता तांबूस नव्हे; आमच्या बाजारातील कुसुंबी रेशमासारखा तांबडा. त्याच्यामागील खडकावर जी करडी बुरशी वाटली होती तीही नारिंगी रंगाचा जिवंत स्पंज निघाली. पडद्यावरील चित्र पाहून मी समोर पाहिले, तो पुन्हा सारे करडे.

तर वाचकहो, तांबडा रंग कोठे जातो? पाणी त्यास पिऊन टाकते. सूर्याच्या प्रकाशातील सर्व रंगांपैकी तांबडा पाण्यात प्रथम शोषला जातो; पाचसहा मीटरांतच त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो. त्यामागून नारिंगी व पिवळा जातात, आणि स्वच्छ समुद्रात अखेर निळा उरतो. खोल पाण्यात बोट कापले तर रक्तही हिरवट-काळे दिसते. कपारीत राहून रात्री हिंडणारे कित्येक मासे तांबडे असतात, कारण त्या उजेडात तांबडे असणे म्हणजे न दिसणेच होय. अंधारखोलीत मी जे शिकलो होतो त्याच्या अगदी उलट हे शास्त्र. दोन्ही आपापल्या जागी खरी. रंग पाहावयाचा तर उजेड वस्तूच्या जवळ नेला पाहिजे. आणि उजेड न्यावयाचा तर आधी आपण जवळ गेले पाहिजे. पंडरीतील गृहिणी साडी उजेडाकडे नेते; येथे उजेड साडीकडे न्यावा लागतो, एवढाच काय तो भेद.

त्या रात्री ओटीवर मुलीने ती चित्रे मोठ्या पडद्यावर दाखविली. शेजारचे चारदोन रापणकरही आले होते. व्याहीबुवा मागे भिंतीस टेकून बसले. पोपटमासा आला, पाकट आली, दगडाआडून तोंड काढणारी वाम आली, पंखांचा पिसारा फुलविलेला मासा आला. प्रत्येकाचे नाव, तो कोणत्या महिन्यात मिळतो, कोणत्या वाऱ्याबरोबर येतो, हे ती मंडळी मलाच सांगू लागली. तांबड्या माशाची दोन चित्रे मी शेजारी शेजारी लावली. एक दिव्यावाचून, एक दिव्यासह. ओटीवर शांतता पसरली. मग व्याहीबुवा म्हणाले, “आमच्याकडे मासो येता तो जाळ्यातसून. जितो मासो आपल्या घरात कसो रवता, तां माका आज दिसलां.” साठ वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाचे ते शब्द होते.

थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन दुसरी गोष्ट काढली. त्यांच्या जाळ्यात कधी कधी कासव अडकते. ते सोडावयाचे तर जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे पैसा. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या डिसेंबरात अशी योजना काढली की, संरक्षित जलचरास सोडविण्यासाठी ज्या मच्छीमाराने जाळे कापले त्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. मात्र त्या प्रसंगाचे छायाचित्र पुरावा म्हणून हवे. व्याहीबुवांनी आपला मोबाइल माझ्यापुढे केला. होडी हालत असता, हात ओले असता, जाळे व कासव दोन्ही स्पष्ट दिसतील असे चित्र कसे घ्यावे, हे पोरांस शिकवाल काय, असे त्यांनी विचारले. ज्या यंत्राने आपली वहिवाट जाईल असे त्यांस वाटत होते, तेच त्यांना उपयोगी पडू शकते हे त्यांचे त्यांनीच ताडले. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर त्या मुलांचा वर्ग घेतला. त्यांस मी प्रथम काय सांगितले असेल, हे आपण ओळखलेच असेल.

पाण्याखालच्या चित्रांचे याहून मोठे कार्यही आहे. एकाच प्रवाळाचे चित्र वर्षानुवर्षे त्याच जागेवरून घेतले, तर त्याची प्रकृती कळते. समुद्राचे पाणी अतिशय तापले की प्रवाळ आपल्या अंगातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो; ताप टिकला तर मरतो. १९९८, २०१० व २०१६ साली भारताच्या समुद्रांत असे घडले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला प्रवाळप्रदेश आहे. तेथे आपल्यापैकी फारच थोडे जाऊ शकतील. जे जातात त्यांनी आणलेली चित्रे हेच आपले डोळे.

आपणांपैकी कोणास असा प्रयत्न करावयाचा असेल, तर माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. वैद्यकीय तपासणी टाळू नये. दमा, हृदयविकार वा कानाचे दुखणे लपवून पाण्यात उतरू नये. आधी पाण्यात स्थिर राहण्यास शिकावे, मग कॅमेरा घ्यावा. मासे जवळ यावेत म्हणून त्यांस पाव-बिस्किटे घालू नयेत, आणि प्रवाळास स्पर्श करू नये. चित्र हुकले तर हुकू द्यावे. आणि घरी कोणास तरी रोजची हकिकत खरी सांगण्याचे वचन देऊन जावे. त्या वचनाचा उपयोग किती, हे मी पाहिले आहे.

आता ती दोन चित्रे माझ्या स्टुडिओत समोरासमोर लावलेली आहेत. परवा बाजारातील एक वृद्ध शेठजी साड्यांची चित्रे घेण्यासाठी आले आणि त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. करड्याकडे पाहून झाले, तांबड्याकडे पाहून झाले, मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मला विचारले, “भैया, ये लाल पक्का है क्या?” मी म्हणालो, “शेठजी, रंग एकदम पक्का आहे. उजेड तेवढा कच्चा होता.” ते हसले आणि आपल्या नातवासह खुर्चीवर येऊन बसले, घरी लावण्यासाठी दोघांचे एक चित्र हवे होते. मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो. ‘श्वास रोखा’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण आतल्या दारातून पत्नी पाहत होती. मी म्हणालो, “आता सावकाश श्वास सोडा,” आणि त्यांच्याबरोबर मीही सोडला.